सर्वांत बाहेरचा कंस

"तुझं नाव काढ त्यातून," कृष्णकांत सर म्हणाले. "अकराला समिती येते आहे."

उत्तराने पडद्यावरची नजर हलवली नाही. काचेबाहेर शहाऐंशीच्या एप्रिलमधले नागपूर भाजत होते. आत संगणकाच्या प्रकृतीसाठी एअर कंडिशनर चालू होता. केवळ प्राध्यापकांसाठी कॉलेजने तो कधीच घेतला नसता. दाराबाहेर देवाजी शिपाई स्टुलावर बसून पादत्राणे राखत होता. विभागप्रमुख असलेल्या सरांच्या आज्ञेने या खोलीत देवळात शिरावे तसे अनवाणी शिरावे लागे.

विभागाचे काम पाहायला येणाऱ्या समितीला वाटायची पत्रके टेबलावर होती. मुखपृष्ठावर एकच नाव होते, डॉ. कृष्णकांत. शेवटच्या पानावर टंकलेखनासाठी ऑफिसातल्या प्रमोदिनीबाईंचे आभार मानले होते, आणि ते रास्तच होते. पत्रक त्यांनीच टाइप केले होते. ज्या कामाविषयी ते पत्रक होते ते उत्तराने तीन वर्षे एकटीने केले होते. तिचा उल्लेख कुठेच नव्हता. उरला होता तो फक्त प्रोग्रामच्या आत.

प्रोग्राम लिहायचा जो एडिटर कॉलेजकडे होता त्याला नव्या आज्ञा शिकवता येत. तिने त्याला चार शिकवल्या. इतरांची खूण, म्हणजे कर्सर, पडद्यावर अक्षराअक्षराने, ओळीओळीने सरके. उत्तराची खूण प्रोग्रामच्या रचनेवरून झाडावरून हिंडावे तशी हिंडे. प्रोग्राम म्हणजे कंसाच्या पोटात कंस. एक कळ आतल्या कंसात उतरवी, एक बाहेरच्या कंसावर चढवी, उरलेल्या दोन त्याच पातळीवरच्या शेजारच्या कंसांकडे, भावंडांकडे, नेत. खूण थांबे तो कंस पोटातल्या सगळ्यासकट उजळून निघे. सर्वांत बाहेरच्या कंसाला काहीतरी नाव देणे भाग होते. तिने स्वतःचे दिले. तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती. तेव्हा प्रोग्राम चालतही नव्हता.

"पहिलीच तर ओळ आहे," सर म्हणाले. "खोड आणि मोकळी हो."

"यात ओळी नाहीत, सर. तो कंस गेला की पोटातलं सगळं जातं."

"मले शिकवून राहिली का तू?" संताप आला की सरांची प्रमाणभाषा सुटे. "अख्खी पीएच.डी. पंच कार्डांवर केली मी. वरचं कार्ड काढलं तरी खालचा गठ्ठा जाग्यावर राहते."

"नुसतं नाव बदलता येतं. पण आत चाळीस ठिकाणी ते आलंय. तिथंही बदलावं लागेल."

"मग बदल."

"नाही."

"काय नाही?"

"मी बदलणार नाही. तुम्ही बदला." ती उठली. "खुर्ची मोकळी आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुझा कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे, उत्तरा. सही व्हायची आहे त्यावर."

"पाच महिने झाले, सर. मी मोजते आहे."

सर खुर्चीत बसले. खूण सर्वांत बाहेरच्या कंसावरच उभी होती. कळांवर तिने कागदाच्या बारीक चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. वाकून वाकून त्यांनी 'खोडा' ही चिठ्ठी शोधली, आणि कार्डांच्या जमान्यातला सगळा आत्मविश्वास एका बोटात आणून कळ दाबली.

पडदा काळा झाला. तीन वर्षांपैकी एक टिंबही त्यावर उरले नाही.

"पाहुणे आले जी, साहेब!" देवाजीने दारातून वर्दी दिली. "बूट काढून राहिले."

"परत आण," सर कुजबुजले. "उत्तरा. बाई, आण ना परत."

पडदा तसाच राहू द्यावा, हा विचार तिने नीट तपासला आणि बाजूला ठेवला. काम तिचे होते. तिने उभ्या उभ्या हात लांबवून खोडलेले परत आणणारी कळ दाबली. सगळे जिथल्या तिथे परतले. माथ्यावर तिचे नाव.

समितीचे अध्यक्ष महादेवराव, निवृत्त इंजिनिअर, मोज्यांवर आत आले. उजव्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. मागून आणखी दोघे आले.

"वा, प्रमुख स्वतः बसलेत!" महादेवराव म्हणाले. "ते पत्रक आम्ही वाचलं बरं का. काही समजलं नाही. तुम्ही आता चालवूनच दाखवा."

सरांनी उत्तराकडे पाहिले. तिने अदबीने पुढे वाकून खूण झाडाच्या अगदी आतल्या कंसात नेऊन ठेवली आणि एका चिठ्ठीवर बोट टेकवले.

"ही बाहेर यायची कळ, सर. दाबत राहा."

सरांनी दाबली. एक बेरीज उजळली. पुन्हा दाबली, ती बेरीज जिच्या पोटात होती ती अट उजळली. मग अटीभोवतीचे आवर्तन, आवर्तनाभोवतीची आज्ञा. प्रत्येक वेळी उजेड रुंदावत गेला, आणि पाहुण्यांपैकी एकाने लहान मुलासारखी टाळी वाजवली. सरांच्या मानेवर घाम आला होता. त्या थंडगार खोलीत तो फक्त त्यांनाच आला होता.

अखेर सगळा पडदा उजळला आणि खूण माथ्यावर थांबली.

महादेवरावांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक काचेला लागेल इतके ते वाकले आणि एकेक रोमन अक्षर जोडत त्यांनी वाचले. "उत्तरा." मग वळून विचारले, "ही कोण हो?"

सरांनी कळ दाबली. त्या कंसाबाहेर कंस नव्हता. टर्मिनल वाजले, टुंग. त्यांनी पुन्हा दाबली. टुंग.

"घंटी कोण वाजवून राहिलं जी?" देवाजीने बाहेरून विचारले.

उत्तरा हात मागे बांधून, अनवाणी, ताठ उभी होती. सरांनी कळ आणखी एकदा दाबली.