तुंडुकाखालचं हाड

"परत टाक," बेरमेत म्हणाली. "एक वीत इकडची तिकडे झाली, तर मी संपलेच म्हणून समज."

जिपाराने मेंढीच्या पायाचं हाड उचललं. दोन पॉपलर झाडांच्या मध्ये तिने दोरी ताणली होती, नेमकी युर्तच्या, म्हणजे त्यांच्या गोल लोकरी तंबूच्या, छताच्या उंचीवर. त्या छताच्या मधोमध धूर जायला गोल भोक असतं, तुंडुक. उद्या नवरीच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे जिपाराने, खालून हाड भिरकावायचं. तुंडुकातून बाहेर गेलं तर लगेच लग्न. आत पडलं तर वर्षभर थांबायचं. त्यांच्या घरात हे असंच चालत आलेलं, आणि आजीपुढे कुणाचं काही चालत नसे.

हाड दोरीवरून सणसणत पार शेंड्याला जाऊन भिडलं. बेरमेतचं तोंड उतरलं.

"एवढा जोर आहे तर नांगराला जुंपून घे स्वतःला! मोजून टाक ना गं."

"एजे, मोजूनच टाकणार!" थोरल्या बहिणीला जिपारा एजे म्हणायची. वर्गात ऊर्जेचा धडा झाल्यापासून तिच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. "हातातून निघताना जो वेग मिळतो ना, तो वर जाताना मरत नाही, उंचीत जमा होतो! वेग ठरला की उंची ठरली. फक्त तिरकं टाकलं की आडवा वेग शेवटपर्यंत आडवाच राहतो, उंचीच्या काही कामाचा नाही. म्हणून सरळ वर."

"कळलं, मास्तरीणबाई. टाका."

अंधारेपर्यंत टाकलं. शेवटी शेवटी बेरमेत खूश होऊन टाळ्या पिटत होती.

सकाळी आई पेटी बंद करत होती. "हे हाडांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक सासरी कशाला गं?"

"लागेल, आई," बेरमेत म्हणाली.

युर्तमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. नवरदेवाच्या काकांनी जिपाराच्या हातात हाड ठेवलं आणि तिचा हातच खाली गेला.

"घोड्याचं आहे!" काका मिशीत हसले. "मेंढीचं काय, शेंबडी पोरंही फेकतात."

बेरमेतचा चेहरा पांढराफटक पडला. जिपाराने हाड हातात तोलून पाहिलं. सगळा सराव मेंढीच्या हाडावर!

मग तिला एकदम धड्यातलं ऊर्जेचं समीकरण आठवलं. वेगाच्या बाजूलाही वजन, उंचीच्या बाजूलाही वजन. दोन्हीकडचं उडवून टाका! उंची तीच तर वेगही तोच, हाड घोड्याचं असो नाहीतर उंदराचं. हाताला तेवढा जास्त रेटा द्यायचा, बस्स!

तिला हसूच फुटलं. पाय रोवून तिने हाड सोडलं.

हाड गरगरत वर गेलं. माना वर झाल्या. वर जाता जाता ते मंदावलं, तुंडुकाच्या कडेपाशी क्षणभर थांबलं, आणि धप्पकन गालिच्यावर येऊन पडलं.

"अरेरे! थोडक्यात गेलं!" काका हळहळले. आजीने सुस्कारा सोडला. "आता पुढच्या उन्हाळ्यात."

बेरमेतने रुमालात तोंड लपवलं. तिचे खांदे गदगदू लागले. बायका डोळे पुसू लागल्या. जिपारा धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली.

"एक वीत कमी ठरलं होतं ना गं," बेरमेत तिच्या कानात हसू दाबत कुजबुजली. "दोनच बोटं ठेवलीस, मेले! हाडाबरोबर माझं मेडिकल कॉलेजही तुंडुकातून बाहेर गेलं असतं की!"