निळी मावशी

वुब्बोने गांज्याची ती कळी हातात घेतली, पण नाकाशी नेली नाही. समोर बसलेला युर्येन श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"हुंगा तरी," युर्येन म्हणाला. "एकदा हुंगा आणि सांगा. हीच ना ती?"

"कॉफी गार होतेय तुझी," वुब्बो म्हणाला आणि उठून खिडकीशी गेला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. नेहमीचा कालवा, नेहमीची बदकं. तो परत येऊन बसला आणि पुन्हा उठला.

"खुर्चीला काटे फुटलेत का रे?" त्याची बायको आफ्के स्वयंपाकघरातून म्हणाली. तिने दोघांना एकेक बिस्किट देऊन डबा केव्हाच बंद केला होता.

टेबलावर वुब्बोच्याच जुन्या बियाणांच्या धंद्याचा शहाऐंशी सालचा कॅटलॉग उघडा होता. वाकड्या ओळी, पुसट झेरॉक्स, आणि वुब्बोने स्वतः काढलेलं गांज्याचं पान, जे खेकड्यासारखं दिसत होतं. युर्येनने तो प्लास्टिकमध्ये घालून जपला होता. ऐन पंचविशीत बाकीची पोरं मुलींच्या मागे होती, तेव्हा हा पठ्ठ्या अंथरुणात पडून कॅटलॉग वाचायचा. आताच्या बियाणांच्या पाकिटांवरची गोडगोड नावं वाचली की त्याला आइस्क्रीमच्या दुकानात शिरल्यासारखं वाटायचं. खरं बियाणं त्या काळातलंच, असं तो कुणालाही थांबवून सांगायचा.

त्याने कॅटलॉगातल्या एका नोंदीवर बोट ठेवलं. ‘निळी मावशी. वास: संत्र्याची साल, ओली लोकर आणि नुकतीच तासलेली पेन्सिल.’

"जुन्या बियाणांची सगळी मंडळी शनिवारी अ‍ॅमस्टरडॅमला जमतायत," तो म्हणाला. "मावशी माझ्याकडे आहे म्हटलं की हसतात. थापाड्या म्हणतात मला. तुम्ही नुसतं ‘हीच ती’ म्हणा. मी सगळ्यांना मूठमूठ बिया वाटीन, फुकट."

अडचण एकच होती. निळी मावशी नावाचं वाण कधी नव्हतंच.

त्या काळी कालव्यापलीकडचा एक बियाणेवाला वुब्बोचा कॅटलॉग शब्द न् शब्द उतरवून घ्यायचा. त्याला रंगेहाथ पकडायला वुब्बोने एक खोटं वाण घुसडलं. जेवणाच्या टेबलाशी बसून समोर दिसेल ते लिहिलं. आफ्के संत्रं सोलत होती, मुलगी पेन्सिल तासत होती आणि शेगडीवर त्याचे लोकरीचे मोजे वाळत होते. हे तीन वास एका झाडाला येणं शक्य नाही, म्हणून तर लिहिले. चोर अलगद सापडला. पुढच्याच वर्षी त्याच्या कॅटलॉगातही मावशी आली! पण तोवर गिऱ्हाइकं मागायला लागली होती, आणि नाही म्हणायला वुब्बोची जीभ रेटेना. बिया निवडताना टेबलाखाली सांडायच्या. त्या त्याने झाडून गोळा केल्या. साऱ्या वाणांची ती खिचडी पाकिटांत भरली आणि दिली धाडून.

युर्येन बोलतच होता. "पहिल्या वर्षी एक झाड छताला टेकलं, एक गुडघ्याएवढं. एकाला रॉकेलचा वास, एकाला कांद्याचा. म्हटलं, आपलाच हात वाईट. मग पिच्छाच पुरवला. वर्णनाशी जुळेना ते उपटायचं. नराला कळी धरत नाही म्हणून लोक तो उपटतात, मी परागासाठी नरही राखले. पानं चुरडून हुंगायची आणि जोड्या लावायच्या. संत्रं लवकर आलं. पेन्सिल यायला मात्र केस पिकले. बायको म्हणाली, मी हवी की मावशी?"

"मग?"

"मग काय. मावशी."

वुब्बोला लाज वाटली. ‘हीच’ म्हणून सुटता आलं असतं, कोण खात्री करायला येणार होतं? पण या माणसाने एका थापेपायी संसार घालवला होता. त्यावर आणखी एक थाप ठेवायला त्याचं मन धजेना.

"युर्येन, मावशी नव्हतीच रे," तो म्हणाला. "चोरासाठी लावलेला गळ होता तो. तुझ्या पाकिटात मी केर भरला होता, केर."

युर्येन हसला. मग वुब्बोचा चेहरा बघून थांबला. त्याने कॅटलॉग मिटला.

"मग मी इतकी वर्षं काय पिकवलं?" त्याने विचारलं.

कळी अजून वुब्बोच्या हातातच होती. काहीतरी करायचं म्हणून त्याने ती चुरडली आणि नाकाशी नेली.

तो जागच्या जागी थबकला. त्याने पुन्हा हुंगली, डोळे मिटून. संत्रं होतं. लोकर होती. पेन्सिलही होती.

त्याने आयुष्यभर वाणं काढली होती. पण त्याची रीत सरळ होती: झाडाला जो वास येईल तो कॅटलॉगात लिहायचा. आधी वास लिहून मग त्याचं झाड आणणं त्याला एकदाही जमलं नव्हतं. जमेल असं वाटलंही नव्हतं.

"आफ्के!" तो ओरडला. "रस्क काढ! लोणी लाव, आणि वर त्या बडीशेपेच्या साखरगोळ्या पसर."

आफ्के हात पुसत दारात आली. "बाळ झाल्यावर वाटतात त्या? आता कुणाला मूल झालं?"

"ह्याला," वुब्बो म्हणाला. "आणि वेडा इतकी वर्षं ते माझं समजून सांभाळत होता."