धारेमागची गुहा

"बंकटची बायकू मीच," सत्यभामा दारातून पुढे होत म्हणाली. "तिला कावून दरडावता? ती सिदूची बायकू, शेजारीण हाय. मीठ मागाया आलती."

जमादार विठ्ठलराव गीताबाईवर डाफरत होता. कडेवर तान्हं पोर, अंगावर विटकं लुगडं. नवऱ्याचं नाव विचारलं तशी ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली ती काही बोलेना. असल्या मुक्या बाईपुढं डोकं कुठवर फोडायचं? त्यानं तिला हाकललं. ती पोर सावरत वेशीकडं निघून गेली.

विठ्ठलराव तीन महिने बंकटच्या मागं होता. बंकटनं वेठीला यायचं नाकारलं होतं आणि फरफटत न्यायला आलेल्या कारभाऱ्याचा हात कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला होता. मोडला तो कारभाऱ्याचा हात, आणि बोलणी मात्र जमादारानं खायची. शुक्रवारपर्यंत बंकट आण, नाहीतर पट्टा काढून ठेव, असं वरून सांगणं आलं होतं. विठ्ठलरावचं पित्त खवळलं होतं. पकडायची, न्यायची भानगडच नको, दिसला की गोळी, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. डोंगरापलीकडं नगरची हद्द, इंग्रजांचा मुलूख. तिथं इथल्या जमादाराचा हुकूम चालत नव्हता; बंकट तिकडं उतरला की मग नुसतं बघत बसायचं.

पण बायकोच अशी फिरली होती म्हटल्यावर चिंता कशाची? बंकटनं चकलांब्यात दुसरी ठेवली होती म्हणे, आणि हिच्या पाटल्या उतरवून तिच्या हातात घातल्या होत्या. हे सगळं सत्यभामानंच सांगितलं. बंकट डोंगरावर धबधब्याच्या धारेमागच्या गुहेत लपलाय आणि वाट आपण दाखवतो, असं ती आपणहून म्हणाली.

विठ्ठलरावबरोबर चार शिपाई होते. एकाला इथं घरावर पहाऱ्याला ठेवावं, असं त्याच्या मनात आलं.

"ठिवा की," सत्यभामा म्हणाली. "बंकटजवळ ठासणीची बंदूक हाय, दोन गडी हायेत. वर तुमी मेल्यावर सांगाया खाली कुणीतरी पायजेच."

त्यानं चौघांनाही बरोबर घेतलं.

जमादाराचं घोडं अंगणातल्या कडब्याच्या गंजीजवळ उभं होतं. गंजीला तोंड लावायचं, फुरफुरायचं आणि मागं सरायचं, असं त्याचं चाललं होतं. सत्यभामानं धावत जाऊन लगाम ओढला आणि घोडं पार लिंबाखाली नेऊन बांधलं. एवढा कडबा आपण वर्षभर राबून रचलाय, सरकारी जनावरानं फुकटात चरायला नाही, असं ती जमादाराच्या तोंडावर म्हणाली. बाईचा तो अवतार बघून विठ्ठलरावनं घोडं लिंबाखालीच राहू दिलं.

भादव्याचे दिवस होते. वाट कसली, नुसता चिखल आणि दगड. करवंदीच्या जाळीतून वाकून जावं लागत होतं. शिपायांचे बूट घसरत होते आणि सत्यभामा अनवाणी पुढं चालली होती. चालता चालता तिची जीभही चालू होती. बंकट असा, बंकट तसा, बंकटच्या तोंडात माती पडो. धोंडीराम शिपायाला ते ऐकवेना.

"पाच वर्सांचा व्हता तवा वढ्यात बुडत व्हता," ती एकदा थांबून म्हणाली. "मीच शेंडी धरून काढला बंकटला. तवाच सोडाया पायजे व्हता."

लहानपणीच लग्नं लागतात, त्याचं हे असं होतं, असं विठ्ठलराव सलीमला म्हणाला. सलीम लिहिता-वाचता शिपाई, त्याच्या बगलेत कागदांची गुंडाळी होती. तो नुसताच हसला.

दोनदा वाट चुकली. एकदा तर सगळे फिरून त्याच जाळीपाशी आले. विठ्ठलरावनं तिला शिव्या दिल्या. तिनं उलट सुनावलं, की एवढा डोंगर ठाऊक असता तर बंकटला मीच नसतं का गाठलं? ते त्याला पटलं, आणि पटलं म्हणून आणखीच राग आला.

धार आली तेव्हा दिवस कलला होता. पाण्याच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. सलीमनं कागद बाहेर कोरड्या दगडाखाली ठेवले, आणि बंदुका वर धरून पाचही जण पाण्याआड शिरले. आत वटवाघळांची घाण होती आणि तीन दगडांची एक जुनी चूल होती. राख भिजून थंडगार. बंकट नव्हता.

विठ्ठलराव भिजून बाहेर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. सत्यभामा धारेपासून लांब, कड्याच्या टोकाशी उभी होती. तिथून पलीकडचा सगळा मुलूख दिसत होता. पार खाली, हद्दीच्या दगडांपलीकडं, दोन माणसं पाऊलवाटेनं चालली होती. पुढच्या गड्याच्या खांद्यावर पोर होतं, मागं एक बाई होती. शुक्रवारी बाजार असतो तिकडं, त्यालाच निघालं असेल कुणी, असं धोंडीराम म्हणाला.

सत्यभामानं ती माणसं दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. मग दिवसभरात पहिल्यांदाच ती खाली बसली आणि तळव्यातले काटे काढू लागली.

विठ्ठलराव तिच्यापुढं येऊन उभा राहिला. बंकट निसटला, पण त्याचा दोष आपल्या माथी घ्यायचा नाही, हे त्यानं पक्कं केलं होतं. बंकटच्या बायकोनंच फसवलं, असा जबाब इथंच लिहून घ्यायचा होता. सलीमनं दगडावर कागद पसरला. नाव लिहिलं, गाव लिहिलं.

"नवऱ्याचं नाव बंकट लिहितो," सलीम म्हणाला.

"तू नको लिहू बे," विठ्ठलराव खेकसला. "उद्या फिरंल ही. दिवसभर बंकट बंकट चाललंय, आता हितंबी तिच्याच तोंडून यिऊ दे. बोल, नवऱ्याचं नाव काय?"

सत्यभामानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली.

"ते कसं घिऊ, साहेब?" ती म्हणाली. "नवऱ्याचं नाव बायकूनं घ्यायचं नसतंय."