नऊ टक्के फॅट

हिंदुराव चौगुल्यांनी निवृत्तीचे आठ लाख जावयानं सुचवलेल्या फंडात घातले. पण ते घडलंच नाही असं धरून पुढं वाचा. घरातही सगळे तसंच धरून चालतात.

"मामा, शेअर बाजारातले बाकीचे ईटीएफ फंड वर्षाला दोन टक्के लाभांश देतात, हा नऊ देतो!" जावईबापूंनी मोबाईल पुढं केला.

हिंदुरावांनी तीस वर्षं दूध संस्थेत फॅट तपासली होती. म्हैस आटायला लागली की फॅटचा टक्का चढतो, हे त्यांना पाठ होतं. "आणि युनिटची किंमत?"

"दोन वर्षांत शंभराची साठ झाली," जावईबापू चहात बघत म्हणाले.

"म्हणजे म्हैस आटत आलीय."

"अवो, मग नको म्हणा की!" बायको दाराआडून कुजबुजली.

"दिवाळसणाला आलेल्या जावयाला?" हिंदुराव पुटपुटले आणि त्यांनी मोबाईलवर अंगठा टेकवला.

मग फंड कंपनीला अर्ज लिहिला: 'तरी सदर फंडाचा शंभर मिली नमुना झाकणबंद बाटलीत, सकाळी सातच्या आत आमच्या घरी पाठवावा. येताना म्हैसही दाखवावी, ही नम्र विनंती.'