लांबचा रस्ता

बाबांचा कॉम्प्युटर त्यांच्यासारखाच जुना, सारखा धापा टाकणारा. दर रविवारी त्याची डिस्क साफ करायची. पण तो प्रोग्राम कुठे दडून बसतो ते बाबांना काही केल्या आठवत नसे म्हणे. मग परगावच्या लेकीला फोन. "स्टार्ट दाबा. आता प्रोग्राम्स. गुडघा कसा आहे? आता ॲक्सेसरीज. जेवलात का वेळेवर?" एवढ्याशा कामाला तासभर सहज जायचा.

सुट्टीत आली तेव्हा लेकीने डेस्कटॉपवर शॉर्टकटच करून दिला. "दोनदा क्लिक केलं की झालं. आता मला विचारायची कटकट नाही!"

रविवारी बाबांनी दोनदा क्लिक केलं. प्रोग्राम चटकन उघडला. मग दिवसभर घरात कुणी चकार शब्द बोललं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी शॉर्टकट उचलून कचरापेटीत टाकला. नेहमीच्या लांबच्या रस्त्याने जाऊन डिस्क साफ केली आणि मग फोन लावला.

"अगं, तुझं ते चिन्ह कुठे गेलं कोण जाणे."

"कमाल आहे बाबा तुमची! बसा नीट. स्टार्ट दाबा."

बाबांनी समोर उघडा असलेला प्रोग्राम हळूच बंद केला आणि खुर्ची पुढे ओढली.

"हं, दाबलं. पुढे?"