लिफ्ट नसलेले घर

“लिफ्ट नाही,” मुलगा म्हणाला. “घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना गोल आहे. अगदी अरुंद.”

अडचण सांगताना माणसाचा आवाज खाली येतो. त्याचा चढला होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर परदेशातल्या त्या घराची छायाचित्रे एकामागून एक सरकत होती. सून शेजारी मटार सोलत बसली होती. आईंच्या चेहऱ्याकडे ती मुद्दाम पाहत नव्हती.

“चढेन,” आई म्हणाल्या. “सावकाश चढेन, पण चढेन.”

तिकडे शिकणाऱ्या नातीचा पदवीदान समारंभ होता. ‘आजी, तू पहिल्या रांगेत बसायचंस,’ असे तिने फोनवर बजावले, त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. आपण जाऊ, आपण हिंडू, आपण तिला चकित करू. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्काही बसला. आईंनी जन्मात पहिल्यांदा बंद बूट विकत घेतले आणि ते पायांना सरावावेत म्हणून घरातल्या घरात घालून वावरू लागल्या. आत्ताही टेबलाखाली तेच बूट होते आणि उजवा अजून टाचेला चावत होता.

राहण्याची जागा मात्र काही केल्या ठरत नव्हती. कॉलेजला लागून असलेले, लिफ्टचे हॉटेल आधी पसंत पडले होते. मग तिथे गर्दी फार असते असे निघाले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या सापडल्या, त्यांना ओल असणार असे सुनेने फोटोवरूनच ओळखले. विमानतळावरून टॅक्सी करायची होती, तर रेल्वेशिवाय तो देश कळतच नाही म्हणे. प्रत्येक बदलानंतर प्रवास आईंच्या गुडघ्यांना थोडा अधिक जड होत होता. त्यांना त्यात काही वावगे दिसले नाही. मुलाला साधी भाजी कधी निवडून आणता आली नव्हती, तो हॉटेल काय निवडणार, एवढेच त्या मनात म्हणाल्या.

“रेल्वेही मध्ये बदलावी लागते,” मुलगा म्हणाला. “एका फलाटावरून दुसऱ्यावर. पूल चढून.”

“बदलू.”

“बॅगा ज्याच्या त्याने उचलायच्या. तिथे हमाल नसतात.”

“मी लहान बॅग घेईन. दोन साड्या आणि एक शाल. मला कोणाला दाखवायचंय?”

मुलाने चष्मा काढून डोळे चोळले. सगळ्या अडचणी सांगून संपल्या होत्या आणि आई अजून खुर्चीत ताठ बसलेल्या होत्या.

“आई, समजून घे गं जरा,” तो म्हणाला. “गाडी बदलायला वेळच नसतो. आम्ही धावतपळत कशीबशी पुढची गाडी पकडणार, त्यात तुला...”

आईंनी हात वर केला.

नवऱ्यामागे त्यांनी छापखाना चालवला होता. शेवटचे मुद्रित त्या स्वतः वाचत, आणि एका चुकलेल्या शब्दासाठी चालू यंत्र याच हाताने थांबवत. कामगार त्या हाताला भीत असत. मुलगा त्या छापखान्यातच रांगला होता.

“कोण पकडणार?” त्यांनी विचारले.

“अगं, गाडी. पुढची गाडी.”

“काय पकडणार ते नाही विचारलं. कोण?”

मटार सोलणारी बोटे थांबली.

“आम्ही,” मुलगा म्हणाला, पण या वेळी आवाज खाली आला.

कालपर्यंत ‘आपण’ होते. आपण म्हटले की समोरचा माणूस त्यात असतो. आम्ही म्हटले की तो दाराबाहेर उभा राहतो. आईंनी पडद्यावरचा तो गोल जिना पुन्हा पाहिला. आता तो त्या घरातला दोष दिसेना. त्या जिन्यासाठीच ते घर निवडलेले होते.

तू येऊ नकोस, असे त्याने तोंडावर म्हटले असते तर त्या कडाडून भांडल्या असत्या आणि मग स्वतःच्या हाताने दोघांच्या बॅगा भरून दिल्या असत्या. पण आईला नाही म्हणण्याचे धाडस झाले नाही, म्हणून या दोघांनी एक जिना भाड्याने घेतला होता. आणि ‘नको बाबा, मला झेपायचं नाही’ हे आईच्याच तोंडून यावे याची ते इतके दिवस वाट पाहत बसले होते.

“आई, काळजीपोटीच हो,” सून म्हणाली. “विमानतळावर चाकांची खुर्ची घ्या म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, मी काय पार्सल आहे?”

हे मात्र खरे होते. आईंनी फोन उचलला, नातीला लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

“काय गं, तुझ्या खोलीला जिना आहे का?”

“तळमजला आहे, आजी,” नात हसली. “आता कशाला विचारतेस? मी बाबांना कधीच म्हटलं होतं, आजीला माझ्याकडेच उतरू दे. ते म्हणाले, तूच माझ्याकडे राहायला नको म्हणालीस.”

मुलगा लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवीत राहिला. आईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिले. नजर अशी होती की त्याने मान खाली घातली. पण पोटच्या पोराला त्याच्याच लेकीसमोर उघडे पाडणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते.

“छपाईची चूक होती ती,” त्या फोनकडे वळून म्हणाल्या. “दुरुस्त केली. माझं तिकीट तू काढ, आणि या दोघांच्या आधीचं काढ. आणि हे बघ, विमानतळावर ती चाकांची खुर्ची सांगून ठेव. मोठी, ऐसपैस.”

फोन ठेवून त्यांनी पदर सारखा केला आणि त्या उठल्या. चावणारा बूट दाबून दोन पावले टाकली, मग दारात थांबल्या.

“तो जिना तुमचा तुम्ही चढा,” त्या म्हणाल्या. “फक्त तुमचं विमान कधी उतरतं तेवढं कळवा. आम्ही घ्यायला येऊ.”