उनाड अक्षरं

"आपली भुरी इथं कशी रं?"

सूर्यभान पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर थबकला. समोर मटणाचं दुकान, आणि तो बघत होता वर, पाटीकडं.

अजिनाथनं त्याचा हात धरून ओढला. बापाला मागच्या बोळातून न्यायचं त्यानं ठरवलं होतं. पण पिशोरहून आलेला धनगर माणूस, तो कुठला बोळात शिरतोय?

पाटीवर 'ताजे मटण' लिहिलं होतं. सूर्यभानला वाचता येत नव्हतं. पण त्याच्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर गेरूचं एक अक्षर असे, आणि अक्षर म्हणजे त्याच्या लेखी मेंढीच. 'म' म्हणजे भुरी. 'ट' म्हणजे लंगडी. 'ढ' म्हणजे ती, जी कुणाच्या बापाला ऐकत नसे.

अजिनाथ शहरात जाहिरातींची अक्षरं काढायचा. त्यानं गुपचूप मेंढरांचे फोटो काढले, पाठीवरची वाकडी अक्षरं कॉम्प्युटरवर उतरवली आणि फॉन्ट केला. नाव ठेवलं 'उनाड'. कुणी विचारलं की सांगायचा, माझ्या डोक्यातून आली. अक्षरं एवढी खट्याळ, की कन्नड गावात लग्नाच्या बॅनरवरून भर दुपारी सावलीला सरकली, आणि नवरदेवाचं नाव वऱ्हाडाला लिंबाखाली सापडलं. बघणारे शपथेवर सांगतात. मग या मटणवाल्यानं पाटी मागितली, आणि अजिनाथनं स्वतः बसून करून दिली. तेव्हापासून या कोपऱ्यावर त्याची मान वर झाली नव्हती.

"ही लंगडी. अन् ही कानफाटी," बाप ओळखत चालला.

"अण्णा, तुमची अक्षरं मी चोरली. लोकांना माझी म्हणून सांगितली."

सूर्यभान हसला. "येडा का काय? तुझीच हायेत की. पहिलीत होता तू. रोज एक अक्षर शिकून यायचा, अन् वही सोडून मेंढराच्या पाठीवर काढायचा. मेंढरू काय गप उभं ऱ्हातंय व्हय? मी नुसता धरायचो. मंग तू आश्रमशाळेत गेला. लोकर कातरली की अक्षर जायचं. मी आधी नीट बघून ठेवायचो, अन् तसंच वाकडं परत काढायचो. मेंढरू म्हातारं झालं, की त्याच्या कोकरावर. पोरगं नाय, तर अक्षर तरी डोळ्यापुढं असावं."

अजिनाथच्या छातीवरचा धोंडा उतरला. चोरी नव्हतीच तर.

"चला अण्णा, चहा घेऊ."

म्हातारा हलला नाही. तो दुकानाच्या ओट्यावर चढला, घोंगड्याचा कोपरा थुंकीनं ओला केला आणि पाटीवरचा 'म' घासू लागला. रंग पक्का होता. निघेना.

"काय करताय? लोक बघतायत."

"खाटकाला मेंढरू द्यायची पाळी आली," सूर्यभान घासत म्हणाला, "की आधी तुझं अक्षर पुसायचो मी. तसंच कधी दिलं नाय."